माईकवाल्या चाचांची कवळी

१४ ऑक्टोबर

दवाखाना उघडून दोन महिने होत आले. आज एकच पेशंट आला, आणि त्यालाही खरं तर पलीकडच्या गल्लीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. दात चांगले होते त्याचे. अमृत म्हणतो, रिकामी बसून कुढण्यापेक्षा रोज चार ओळी लिही. म्हणून ही वही.

अमृत माझा नवरा, इथे स्टेशनमास्तर. गाव श्रीरामपूर, पण स्टेशनाचं नाव बेलापूर. असं का, हे विचारलं की जो तो वेगळंच सांगतो. त्याची बदली झाली आणि त्याच्यामागोमाग मी चिपळूणहून दाताची खुर्ची टेम्पोत घालून आले. इथे माझ्या ओळखीचं कोणी नाही. मी मात्र सगळ्यांना ओळखायला लागले आहे, दातांवरून. मिश्रीवाल्या बायका, गुटख्याची पोरं, एका बाजूनेच चावणारे किराणा दुकानदार. हसला की माणूस मला अर्धा कळतो, असं माझं मत आहे. अमृतचं मत वेगळं आहे.

जागा फक्रुद्दीनचाचांची. दवाखान्याला लागून त्यांचं गादी-उशीचं दुकान, वरच्या मजल्यावर ते आणि बद्रुन्निसाचाची. रस्त्यापलीकडे, अगदी समोर, पक्षाचं कार्यालय. पक्षाचं नाव इथे लिहीत नाही. वही कोणाच्या हाती लागली तर उगाच नसती भानगड. चाचा तीस वर्षांपासून त्या पक्षात आहेत. दिवसातला निम्मा वेळ समोरच असतात. चाची म्हणतात, "दुकान मी चालवते. ह्ये नुसते पाटीवर हायत."

आज संध्याकाळी चाचा रुमालात काहीतरी बांधून घेऊन आले. जुनी कवळी, धुताना बेसिनमध्ये पडून मधोमध दुभंगलेली. म्हणाले, "डॉक्टरबाई, नऊ तारखेला पक्षाचा मेळावा हाय. त्याच्या आत दात पायजेत. दातांबिगर माझं तोंड म्हंजी कापूस काढलेली गादी."

चाचा पक्षाचे माईकवाले आहेत. सभा कोणतीही असो, सूत्रसंचालन त्यांचं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ह्या येळेला प्रभाग सातमधनं आपलं तिकीट पक्कं हाय. सायेबांनी खांद्यावर हात ठिवला."

इतकी वर्षं रखडलेली नगरपालिकेची निवडणूक आता होते आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

१८ ऑक्टोबर

चाचांचं माप घेतलं. तोंडात माप घट्ट होईस्तोवर माणसाला बोलता येत नाही, आणि चाचांना तेवढाही वेळ गप्प बसणं जड गेलं. माप निघाल्यावर त्यांनी सगळी भरपाई केली.

राजकारणात मला काही कळत नाही. आजवर एकाही सभेला मी गेलेली नाही. पण चाचांचं काम ऐकून मला भलतंच कुतूहल वाटायला लागलंय. स्टेजवर जेवढी माणसं बसतात त्या प्रत्येकाचं नाव घ्यायचं, आणि तेही ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे, पुढे-मागे न होता. एकाचं जरी राहिलं तरी तो रुसून बसतो. एकदा म्हणे एका माजी सभापतींचं नाव राहिलं, तर ते जेवणाच्या पंगतीतून उठून गेले आणि महिनाभराने दुसऱ्याच पक्षाच्या स्टेजवर दिसले.

आणि उमेदवार जाहीर करायची यांची रीत तर ऐकण्यासारखी आहे. साहेब, म्हणजे पक्षाचे नेते, स्वतः माईकवर येऊन नावं सांगत नाहीत. ते खुर्चीत बसूनच चाचांच्या कानात एकेक नाव सांगतात, आणि चाचा ते जाहीर करतात. "ज्याला भेटत न्हाई तो आधी माईकवाल्याकडं डोळे वटारून बघतो," चाचा म्हणाले. "तवर सायेब पानी पिऊन घेतात."

मी विचारलं, या वेळी तुमचंच नाव तुम्हाला घ्यावं लागेल, मग कसं करणार?

चाचा गंभीर झाले. म्हणाले, "त्योच तर घोर हाय. दुसऱ्याच्या नावाआधी सन्माननीय लावतो, कार्यसम्राट लावतो. सोताच्या नावाआधी काय लावनार? मी आपलं नुसतंच घेईन."

२७ ऑक्टोबर

दिवाळी झाली. तीन पेशंट, तिघंही चकलीने दात तुटलेले. चकली बनवणाऱ्या आयांचे मी आभार मानते.

चौथा पेशंट वेगळाच. आदिनाथ, तिशीच्या आतला, प्लॉटिंगच्या धंद्यातला. दात दुखत नाहीत, किडलेले नाहीत. त्याला ते पांढरेशुभ्र करून हवेत. सोबत पक्षाचे शहराध्यक्ष भागवतराव होते. मी म्हटलं, घाई काय आहे? आदिनाथ लाजल्यासारखा हसला. "फोटो काढायचेत, मॅडम. मोठा फ्लेक्स लागनार हाय. आठ तारखेपतूर पायजे."

वाढदिवस असणार. या गावात माणूस जन्मल्याचं पुण्य चौकाचौकात टांगतात. दात मात्र छान आहेत मुलाचे, एकसारखे. काम करायला मजा येईल.

१ नोव्हेंबर

आज भागवतराव एकटेच आले आणि थेट पेशंटच्या खुर्चीतच बसले. मला वाटलं, दाढ दुखतेय. तर म्हणे, "चाचांची कवळी येळेत व्हईल ना? त्येवढं बघा. मेळावा झाला की लगेच सभा हायत, शेवटच्या दिसापतूर, हरेक प्रभागात. चाचांबिगर माईक कोन धरनार?"

मला इतकं बरं वाटलं. एका म्हाताऱ्या कार्यकर्त्याच्या दातांची चौकशी करायला शहराध्यक्ष स्वतः येतो! आमच्याकडे सख्खे भाऊ एवढं करत नाहीत.

दुपारी वर जाऊन हे चाचींना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. त्यांनी विचारलं, "हरेक प्रभागात? आपल्या सातमधी बी?"

"हो. सगळीकडे."

त्यांनी ताटातले तांदूळ एका बाजूला सारले. मग म्हणाल्या, "त्यो आदिनाथ येतो तुमच्याकडं. दातांचं करतो का?"

मी म्हटलं, पेशंटचं सांगता येत नाही, पण असेल त्याचा वाढदिवस जवळ आलेला.

"वाढदिवस मे महिन्यात असतो त्याचा. दरसाल आमच्या दुकानाम्होरं बोर्ड लागतो."

म्हणजे मग लग्न ठरलं असेल. चाचींना तांदळात खडा सापडला होता, तो बोटांत धरून बसल्या.

५ नोव्हेंबर

मेणाच्या दातांची ट्रायल. यात दात तोंडात बसवून पेशंटला बोलायला लावतात. 'स' म्हणताना शिट्टी वाजली तर पुढचे दात चुकले, 'फ' म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांना टेकला नाही तर उंची चुकली. पेशंट एरवी लाजतात. चाचा खुर्चीतच ताठ बसले, मूठ माईकसारखी तोंडापुढे धरली आणि सुरू झाले: "सन्माननीय व्यासपीठ, सर्व ज्येष्ठ-श्रेष्ठ सहकारी, आणि समोर बसलेल्या माझ्या सुजाण बंधू-भगिनींनो…"

'हाय'चं 'आहे' झालं, 'सायेब'चं 'साहेब' झालं. मी बघतच राहिले. मेण हललंसुद्धा नाही. मी लॅबला फोन करून सांगितलं की हे काम असंच्या असं उतरलं पाहिजे.

ते गेल्यावर थोड्या वेळाने चाची खाली आल्या. दार लोटून घेतलं. म्हणाल्या, "डॉक्टरबाई, एक आयकाल का? दात मेळावा झाल्यावर द्या."

मला कळेचना. का, विचारलं.

"आसंच. लॅबकडनं उशीर झाला म्हना."

खरं सांगायचं तर मला राग आला. तीन आठवडे मी या कवळीसाठी जीव टाकतेय, आणि सगळ्या गावासमोर माझं पहिलं मोठं काम बोलणार आहे. मी म्हटलं, चाची, मी दिलेला शब्द मोडत नाही. त्या "बरं" म्हणून निघून गेल्या. पदराने डोळे पुसल्यासारखं वाटलं, की घाम होता, कोण जाणे.

अमृतला सांगितलं. तो म्हणाला, त्या बाईला काहीतरी सांगायचं होतं, तू ऐकून घेतलं नाहीस. मी म्हटलं, नवऱ्याचं निम्मं आयुष्य माईकने नेलं, म्हणून त्या माईकवर रागावल्या असतील. अमृत म्हणाला, तुला दात दिसतात, माणूस दिसत नाही.

८ नोव्हेंबर

सकाळी आदिनाथ येऊन शेवटचं करून गेला. दुपारी चाचांना कवळी दिली. इतकी नेमकी बसली की काढून दाखवायला मला अंगठा आत घालून जोर लावावा लागला. बजावलं, पहिले पंधरा दिवस मऊच खायचं, भात, खिचडी, शिरखुर्मा. चाचांनी आरशात बघितलं. गाल भरले होते, दहा वर्षांनी तरुण दिसत होते. आरशाकडे बघत त्यांनी हळूच स्वतःचं पूर्ण नाव घेतलं, बापाच्या नावासकट. मी पाठ फिरवून हत्यारं धूत असल्याचं दाखवलं.

आज माझा धंदा मला फार आवडला.

९ नोव्हेंबर

मेळावा बघून आले. बसून सगळं लिहिते, नाहीतर झोप लागायची नाही.

अमृत सरकारी नोकर, त्याला सभा वर्ज्य. मी चाचींबरोबर गेले. वेळ अकराची, एक वाजेपर्यंत स्टेजवर फक्त माईक टेस्टिंग. मैदानाच्या कडेला पाण्याचे टँकर, मसालेभाताच्या कढया, आणि एक क्रेन. क्रेन कशाला, तर तिच्या हुकाला माणसापेक्षा मोठा झेंडूचा हार लटकवलेला, साहेबांसाठी. माणसं गावागावांतून टेम्पोंनी येत होती. बायकांचा भाग वेगळा. माझ्या पुढच्या रांगेतल्या बायकांना कोणाची सभा आहे हे नक्की माहीत नव्हतं. गल्लीतल्या वहिनींनी चला म्हटलं म्हणून आल्या होत्या. त्यांनी मला शेंगा दिल्या आणि मी कोणत्या गावची, पोरं किती, हे सगळं काढून घेतलं.

प्रवेशद्वाराशी भलामोठा फ्लेक्स होता. साहेबांचा फोटो, शेजारी तेवढाच मोठा आदिनाथ, खाली 'हार्दिक स्वागत'. माझं काम मी एवढ्या मोठ्या आकारात कधी पाहिलं नव्हतं. एकेक दात बशीएवढा. मी चाचींना म्हटलं, बघा, केवढे चमकतात. चाची फ्लेक्ससमोर थांबल्या, डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "चला, खुर्च्या धरू."

साहेब आले तेव्हा क्रेन हलली, हार खाली आला, फटाके वाजले. आणि मग चाचांचा आवाज. एवढ्या मैदानात, एवढ्या गोंगाटात, एक 'स' शिट्टी मारत नव्हता. स्टेजवरची सगळी नावं, सभापती, माजी सभापती, चेअरमन, व्हाईस चेअरमन, महिला आघाडी. ज्याचं नाव येई तो माणूस खुर्चीतच जरा वर होई. हे बघायला मला खूप मजा आली. फक्त चाचांना खुर्ची नव्हती. सगळा वेळ ते उभेच होते.

मग उमेदवार. प्रभाग एक. चाचा वाकले, साहेबांनी कानात सांगितलं, चाचांनी जाहीर केलं, तो माणूस स्टेजवर चढला, गळ्यात पक्षाचं उपरणं पडलं, टाळ्या. प्रभाग दोन. तीन. दर नावाला मैदानाच्या एखाद्या कोपऱ्यातून काही माणसं उठून चालती होत. चाचींनी माझं मनगट धरलं होतं, सहाव्या नावाला पकड घट्ट झाली.

प्रभाग सात. चाचा वाकले. साहेबांनी सांगितलं. चाचा तसेच वाकून राहिले, ऐकू आलं नसावं असे. साहेबांनी परत सांगितलं, हसून, पाठीवर थाप मारून. मग चाचा सरळ झाले, पण माईककडे न येता आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. खिशातून रुमाल काढला. फिरले तेव्हा त्यांचं तोंड आत गेलेलं होतं. गाल बसले, ओठ दुमडले. त्यांनी माईक भागवतरावांच्या हातात दिला आणि तोंडाकडे बोट करून मान हलवली.

भागवतराव चालू माईकवर म्हणाले, "चाचांची कवळी सुटली." अख्खं मैदान हसलं. मागून कोणी ओरडलं, "कुन्या डॉक्टरची हाय रं?" दुसऱ्याने सांगितलं, त्यांच्याच खालच्या त्या नव्या बाईची. त्या हसण्यातच भागवतरावांनी प्रभाग सातचं नाव जाहीर केलं. आदिनाथ. तो जिना चढताना माझे दात लखलखत होते.

चाचा स्टेजच्या मागच्या पायऱ्यांनी उतरून मैदान तुडवत एकटेच निघाले. चाची उठल्या. रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "आज लवकर घरी येतील."

तिकीट गेलं, तेही सगळ्यांसमोर. एवढा धक्का बसल्यावर कोणाचेही दात निसटतील, हे मी स्वतःला सांगतेय. पण वरची कवळी अशी निसटायला नको होती. माप घेतानाच काही चुकलं का? टाळूला कुठे हवा शिरत असेल? आणि फ्लेक्सवरचं ते तोंडही मीच चमकवलं.

१० नोव्हेंबर

सकाळी दवाखान्यातलं सामान घेऊन वर गेले. चाचा खिडकीशी बसले होते, खिडकी समोरच्या कार्यालयाकडे उघडते. कवळी वाटीत पाण्यात होती. तोंडात बसवून बघितली. खाली दाबली, वर ओढली, जीभ लावायला सांगितली, खोकायला सांगितलं. जागची हलली नाही. परत अंगठा घालावा लागला.

मी म्हटलं, "चाचा, ही सुटली कशी?"

"सुटली न्हाई," चाचा म्हणाले.

चाचींनी चहा आणून ठेवला. मग चाचाच बोलले. "तीस वर्सं कानात आलं ते तोंडातनं काढलं. कितीकदा न पटनारं नाव बी घेतलं, आवाज चढवून घेतलं. काल न्हाई जमलं. मी घेत न्हाई आसं माईकवर म्हनलो असतो तर तिथंच राडा झाला असता. म्हनून तोंडच काढून रुमालात ठिवलं."

मी चाचींकडे वळले. त्या म्हणाल्या, "तुमी सभांचं सांगितलं तवाच मला समजलं. इलेक्शनला हुबा राहनारा मानूस दुसऱ्याच्या सभेत माईक धरतो व्हय?"

इतकं साधं होतं. सगळं माझ्याच खुर्चीत बसून मला सांगून गेले होते, भागवतराव, आदिनाथ, सगळे. चाचींनी तर हात जोडायचेच बाकी ठेवले होते. मला माझी लाज वाटली.

"चाचांना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं. म्हनले, सायेबांनी खांद्यावर हात ठिवलाय."

चाचांनी चहा बशीत ओतला. "डॉक्टरबाई, एक मागतो. कवळी सुटली, येवढंच राहू द्या. सायेबांच्या शाळांची वसतिगृहं हायत. तिथल्या गाद्या आपल्याकडनं जातात, त्याच्यावर दुकान चालतं. मी मुद्दाम नाव टाळलं ह्ये कळलं तर एक उशी बी जानार न्हाई. तुमचं नाव खराब व्हतंय, ते समजतं मला."

मी हो म्हणाले नाही. नाही पण म्हणाले नाही. जिना उतरताना मला चाचांचाही राग आला. तीन महिने मी एकेक पेशंट जोडतेय, आणि गावभर आता सुटणाऱ्या कवळीची डॉक्टर.

१२ नोव्हेंबर

मुक्ताबाई आल्या. खेडेगावातून एसटीने येतात, त्यांच्या कवळीचं माप आज घ्यायचं ठरलं होतं. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, राग मानू नगंसा. नातीच्या लग्नात जेवताना ताटात पडली तर मी काय करू?" मी त्यांना बसवून पाणी दिलं. कवळी अशी पडत नाही, हे सांगायला तोंड उघडलं होतं. मग मिटलं. त्या परत गेल्या.

दुपारी भागवतराव. पुन्हा पेशंटच्या खुर्चीत. या वेळी हसत नव्हते. "डॉक्टर, खरं सांगा. कवळी खरंच सुटली हुती का? सायेबांनी इचारलंय. आमचे काही लोक म्हनतात, चाचांनी हातानं काढली."

भिंतीवर माझी पदवी फ्रेम करून लावली आहे, सुवर्णपदकाच्या उल्लेखासकट. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"सुटली," मी म्हटलं. "माझंच माप चुकलं. नवीन आहे मी अजून."

ते एकदम सैल पडले. "मग ठीक हाय. आमाला वाटलं, चाचा फिरले. द्या मग बसवून, उद्यापासून सभा सुरू."

"नव्याने करावी लागेल."

"किती दिवस लागतील?"

"लॅबकडून उशीर होतोय," मी म्हटलं. "मतदान होईपर्यंत काही धरू नका."

ते गेल्यावर मी दार लोटून घेतलं आणि रडले. चिडून रडले, वाईट वाटून नाही. अमृतला सगळं सांगितलं. त्याने आपल्या हाताने भाकरी वाढली मला.

१५ नोव्हेंबर

भागवतरावांनी गावभर केलं. डॉक्टरबाईंनी स्वतःच कबूल केलं, माप चुकलं. काल एकही पेशंट नाही. सकाळी दवाखाना उघडताना पानवाला शेजारच्याला म्हणाला, "दात सांभाळ रं," आणि दोघं हसले. चाचा त्या वेळी दुकानाच्या शटरशी उभे होते. त्यांना ऐकू गेलं. त्यांनी मला विचारलं, "तुमी कबूल केलं?" मी म्हटलं, तुम्हीच तर सांगितलं होतं. ते म्हणाले, "सुटली म्हना म्हनलो हुतो. तुमचं चुकलं म्हना म्हनलो नव्हतो." आणि जिना चढून वर गेले.

अकराच्या सुमाराला समोर आदिनाथच्या प्रचाराची रिक्षा सजत होती. भोंगे, झेंडे, त्याचा हसरा फोटो. भागवतराव पायरीवर उभे राहून सूचना देत होते, पंधरा-वीस पोरं भोवती. चाचा खाली आले. तोंड भरलेलं होतं, कवळी घातलेली. रस्ता ओलांडला. कोपऱ्यावरच्या गाडीवरून कागदाच्या पुडीत फुटाणे घेतले आणि पक्षाच्या कार्यालयाच्या पायरीवर, भागवतरावांच्या पायाशी, जाऊन बसले.

एक फुटाणा तोंडात टाकला. चावला. आवाज माझ्या दारापर्यंत आला. दुसरा टाकला. मऊ खा म्हणून मी बजावलं होतं. हिरड्या सोलून निघत असणार. पोरं एकेक करून गप्प झाली. रिक्षावाल्याने गाणं बंद केलं. चाचांनी घाई केली नाही, पुडीतले निम्मे फुटाणे असेच संपवले.

भागवतराव म्हणाले, "चाचा, ह्ये काय? कवळी तर मतदानानंतर मिळनार हुती."

चाचा उठले. कुडत्यावरची टरफलं झटकली. आणि त्यांच्या त्या माईकवरच्या मराठीत, माईक नसताना, रस्त्याच्या दोन्ही कडांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कवळी सुटली नव्हती. मी काढली होती. डॉक्टरांचं काम चोख आहे. साहेबांना तसं सांगा."

एक 'स' शिट्टी मारला नाही.

ते रस्ता ओलांडून परत आले, माझ्याकडे बघितलंही नाही, दुकानात जाऊन कापसाच्या ढिगाशी बसले. चाची शटरशी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. या घरातून वसतिगृहाला आता एकही गादी जाणार नाही, हे समोरच्या पायरीवरच्या प्रत्येकाला कळलं होतं. मलाही कळलं, आणि या वेळी ते कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

मी दवाखान्याला कडी लावली आणि चाचींच्या शेजारी जाऊन उभी राहिले.